डाव्या हाताचं देणं

हंबीरराव उद्यमनगरात उभी हयात लेथवर राबले. ड्रॉईंगमध्ये एक सूत कमी लिहिलं तर एक सूत कमी. तिथं अर्थ लावत बसायचं नाही, ही त्यांची शिस्त. बायबलही ते तसंच वाचत. दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, असं प्रभूनं सांगितलंय ना? मग रविवारी उपासनेत अर्पणाची पिशवी जवळ आली की त्यांचा डावा हात खिशात जाई आणि पिशवी पुढं सरकली की बाहेर येई. सून स्नेहलला लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी ते पाहून हसू आवरलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. स्नेहल फिजिओथेरपिस्ट, ती रोज व्यायाम करून घेई. पाय सुधारला, जीभ सुधारली. हात मात्र मांडीवर कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा पडून राही. हंबीरराव पुन्हा चर्चला जाऊ लागले तेव्हा पिशवी आली आणि तशीच पुढं गेली. डावा हात खिशातच होता. पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतर त्यांनी बाहेरचे कपडेच केले नाहीत.

"गुडघं दुखाय लागल्यात," ते म्हणाले.

स्नेहलनं गुडघे तपासले. गुडघ्यांना काही झालं नव्हतं. पण घरात कोंडून घेतलेला पेशंट कसा भराभर आटत जातो, हे तिनं पुष्कळदा पाहिलं होतं, आणि हा पेशंट तर तिचे सासरे, तिचे आण्णा होते.

शेजारच्या तानाबाई येऊन सांगून गेल्या, "हंबीरभाऊ, तुमच्याबिगर गाण्याला सूर लागंना. पाळकसाहेब एकीकडं, आम्ही एकीकडं."

"तुमी धरा की सूर. गळा हाय न्हवं मोठा."

"मोठा तर म्हशीचाबी असतोय."

आण्णा हसले, पण उठले नाहीत.

"तुमच्या वतीनं मी टाकते अर्पण," स्नेहल म्हणाली.

"मग ते तुझं झालं. माझं कुठलं?"

"मग डाव्या हातानं टाका. हाताला काही कळत नसतं, आण्णा. कळतं ते मेंदूला."

"हे प्रभूला ठावं नव्हतं व्हय?"

स्नेहलनं त्यांचा उजवा हात मांडीवरून उचलला आणि व्यायाम सुरू केला.

त्या रविवारी धैर्यशील, तिचा नवरा, कामासाठी मलकापूरला गेला होता. दोघांपुरतंच मटण शिजवलं होतं. आण्णा आता डाव्या हातात चमचा धरून जेवत. रस्सा भुरकत ते जुन्या फोरमनची नक्कल करत होते. बोलता बोलता त्यांनी वाटीतली मगजानं भरलेली नळी चमच्यानं उचलली आणि तिच्या ताटात ठेवली. लग्न झाल्यापासून दर रविवारी ठेवत तशीच. गोष्ट मध्ये थांबलीसुद्धा नाही.

थांबली ती स्नेहल.

"आण्णा, आत्ता काय केलंत?"

त्यांनी घाईनं सदऱ्याकडं पाहिलं. "सांडलं व्हय?"

"तुमची नळी कुठं गेली?"

त्यांनी वाटी ढवळली. मग तिच्या ताटाकडं पाहिलं. "ती व्हय. ती तुझीच असती की."

"दिली कुणी?"

"द्यायचं काय त्यात? घरातलं माणूस तू."

"आणि दिली कुठल्या हातानं?"

हंबीरराव चमच्याकडं बघत राहिले. पूर्वी लेथवरून उतरवलेला जॉब उजेडात धरून फिरवून पाहत, तसा त्यांनी डावा हात वळवून पाहिला.

"ह्याला कळलं न्हाय," ते सावकाश म्हणाले. "मलाबी न्हाय."

"तसं द्यावं, एवढंच प्रभूनं म्हटलं असेल," स्नेहल म्हणाली. "दिलं हे आपल्याच ध्यानात राहू नये, असं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. मग म्हणाले, "ड्रॉईंग बरोबर हाय. बघणारा चुकला." आणि थोड्या वेळानं, "खा की. गार व्हायला लागलीय."

पुढच्या रविवारी पहिलंच गीत त्यांनी उचललं आणि तानाबाईंनी मागून जोरात साथ दिली. पिशवी आली. डावा हात मूठ वळून खिशातून बाहेर आला आणि पिशवीवर अडला. इतक्या वर्षांची सवय होती ती.

"स्नेहल," ते कुजबुजले, "तिकडं बघ जरा."

तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. पिशवी पार मागच्या बाकावर पोचेपर्यंत ती बाहेरच बघत राहिली.