पुस्तकातला नवरा

उद्या सकाळी दहाला रिम्माची लिथुआनियन भाषेची परीक्षा, आणि आज रविवारी भर दुपारी तिच्या नवऱ्याने, स्ताखने, तिचं पुस्तक बीटच्या गार सुपात बुडवलं.

"वाच आता," तो म्हणाला. "बघ कसं गुलाबी झालंय."

स्ताख पंधरा वर्षं इथे लिथुआनियात ट्रक चालवत होता. भाषा त्याला फाडफाड यायची. रिम्मा लग्न करून बेलारूसहून आली त्याला पाच वर्षं झाली होती, आणि इथे राहायचा तिचा परवाना अजून नवऱ्याच्या जिवावर होता. पास झाली तर स्वतःचा मिळणार होता. हात उगारायला त्याला एवढं कारण पुरलं. तसं कारण नसतं तरी त्याचं काही अडत नव्हतं म्हणा.

तिने निथळणारं पुस्तक उचललं. त्याने मानगूट धरून तिचं तोंड वाडग्यात दाबलं. नाकातोंडात सूप गेलं. ती खोकत सुटली, तर त्याने तिचा उजवा हात ओट्याच्या ड्रॉवरमध्ये धरला आणि ड्रॉवर लाथेने बंद केला. मग पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी हाड मोडल्याचा आवाज तिला ऐकू आला.

"लिही आता पेपर," तो म्हणाला.

तिच्या डाव्या हाताला खारवलेल्या काकड्यांची बरणी लागली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिने हात उगारला. बरणी त्याच्या कानशिलावर फुटली. रक्त, खारं पाणी आणि शेपू त्याच्या गळ्यावरून ओघळलं. पण गडी पडला नाही. त्याने तिला खाली पाडून पोटात, बरगड्यांत लाथा घातल्या. खालच्या मजल्यावरच्या म्हातारीने बोलावलेल्या पोलिसाने दार ठोठावलं, तेव्हाच तो थांबला.

पोलीस पूर्वीही एकदा आला होता. तेव्हा एकटा स्ताख बोलला होता, बाथरूममध्ये घसरली म्हणून. रिम्मा मुक्यासारखी उभी होती. आलेला माणूस तसाच परत गेला होता.

आजचा पोलीस तौत्वीदास नावाचा तरणा पोरगा होता. स्ताखने डोक्याला टॉवेल लावून आधीच सुरुवात केली. "बघा साहेब, बरणी घातली डोक्यात. वेडी आहे हो. आणि तिला विचारून उपयोग नाही, तिला भाषा येत नाही."

"मला येते," रिम्मा लिथुआनियनमध्ये म्हणाली.

तौत्वीदासने वही काढली. रिम्मा भिंतीला धरून उभी राहिली. भूतकाळाचा धडा तिचा कच्चाच होता, त्यामुळे पाच वर्षांतलं सगळं आत्ताच घडत असल्यासारखं ती बोलत गेली.

"हे स्वयंपाकघर आहे. हा ड्रॉवर आहे. हा माझा हात आहे. नवरा ड्रॉवर बंद करतो. दोन वेळा. बुधवारी पाठ दुखते. शनिवारी पोट दुखतं. मी दार उघडते, नवरा दार बंद करतो."

"तुमच्या नवऱ्याबद्दल सांगा," तौत्वीदास हळूच म्हणाला.

परीक्षेसाठी पुस्तकात दिलेला प्रश्न नेमका हाच. शंभर वेळा घोकलेलं उत्तर तिच्या तोंडातून आपोआप बाहेर पडलं. "माझा नवरा चांगला माणूस आहे. तो काम करतो. रविवारी आम्ही एकत्र जेवतो."

पेन थांबलं. स्ताख मोठ्याने हसला. "ऐकलंत ना साहेब?"

आता बाजी हातची जाणार, हे रिम्माला कळत होतं. तिने मोडक्या हातानेच सुपाने माखलेलं पुस्तक दाखवलं.

"नाही," ती म्हणाली. "तो नवरा पुस्तकातला आहे. तो चांगला आहे. माझा नवरा हा आहे."

तौत्वीदासने शब्दन्‌शब्द लिहून घेतला. बेड्या पडताना स्ताखने दाराला लाथा मारल्या आणि दोघांच्याही सात पिढ्या उद्धरल्या. भाषा त्याला खरोखरच उत्तम येत होती.

सोमवारी रिम्माने डाव्या हाताने पेपर लिहिला. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, "तुमच्या कुटुंबाबद्दल सांगा."

तिने प्लास्टरमधला हात टेबलावर ठेवला.

"मी एकटी राहते," ती म्हणाली. "माझं घर लहान आहे. दार मी बंद करते."