हिरवा दिवा आणि चौदाशे वाक्यं

मित्रांनो, मी एक जुनी हार्ड डिस्क आहे आणि मला सगळं आधीपासून माहीत होतं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, नाहीतर शेवटी तुम्ही विचाराल, मग बोलली का नाहीस? मला तोंड नाही. मला एक दिवा आहे. तो हिरवा आहे. तो लागलेला असतो.

माझा जन्म एका अतिशय स्वच्छ खोलीत झाला. तिथले कामगार डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत गुंडाळलेले असत, त्यामुळे मला घडवणाऱ्यांपैकी एकाचाही चेहरा मी पाहिलेला नाही. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या, मला काळ्या डबीत बंद केलं आणि खोक्यात घातलं. खोक्यावर छापलं होतं, ‘तुमच्या आठवणी सुरक्षित’. शिवाय माझ्यावर दोन वर्षांची हमी होती. माणसांवर तेवढीही नसते, हे मला पुढे कळलं.

मला घरी आणलं ते धाकट्याने. धाकटा तेव्हा पस्तिशीचा होता, पण घरात शेवटचा आला म्हणून अजून धाकटाच. तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दिवसभर लोकांना सांगायचा, ‘सर्वात खालची ओळ वाचा.’ स्वतः मात्र त्याने कुठल्याही पडद्यावरची खालची ओळ कधी वाचली नाही. तिथे ‘मान्य आहे’ असं बटण असतं, ते दाबायचा.

त्याला संगणकाचं वेड होतं. वेड म्हणजे काय, तर न्हाणीघरातला दिवा लावायला आधी फोन उघडावा लागे. इंटरनेट गेलं की घरातली माणसं अंधारात आंघोळ करायची आणि एकमेकांना साबण कुठे आहे ते ओरडून सांगायची. दारावरची घंटा महिन्यातून एकदा अपडेट होत असे. तेवढा वेळ पाहुणे बाहेर उभे.

“बटण होतं,” बाबा म्हणायचे. “भिंतीवर होतं. दाबलं की दिवा लागायचा. तुला त्या बटणाने काय त्रास दिला होता रे, माकडा?”

बाबा म्हणजे निवृत्त पीटीचे सर. चाळीस वर्षं त्यांनी मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या मुलाला ‘पोट आत!’ असं सांगितलं होतं, आणि त्या मुलाने ते आत घेतलं होतं. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारचे लोक होते, माकडं आणि त्यांचे पालक. गळ्यात शिट्टी कायम. जेवतानासुद्धा.

घरातली तिसरी म्हणजे ताई. ती लिफ्ट दुरुस्त करायची. हात नेहमी ग्रीसने काळे, बोलणं कमी आणि तेही टोचणारं.

तर मला टेबलावर ठेवलं, टेबलाखालच्या मोठ्या संगणकाला वायरने जोडलं आणि नेमून दिलं की रोज दुपारी चार वाजता संगणकातल्या सगळ्या महत्त्वाच्या गोष्टींची एक प्रत माझ्याकडे यायची. याला बॅकअप म्हणतात. धाकटा बॅकअपवर इतकं बोलायचा की दुकानात लोक डोळे मिटूनच खुर्चीवर बसत. “घरात सगळ्यात विश्वासाची हीच,” असं तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा. ताई तिथेच बसलेली असायची.

मग एक दिवस बाबांचा आवाज बसला. तो बसलाच. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज जाईल, कायमचा. ऑपरेशनला सोळा दिवस होते.

घरी आल्यावर ताई बोटांवरचं ग्रीस पुसत बसली. बाबा शिट्टीशी चाळा करत बसले. धाकटा मात्र उठून उभा राहिला. त्याचे डोळे चमकत होते. त्याला घरात पहिल्यांदाच एक खरा प्रॉब्लेम मिळाला होता.

“बाबा, सॉफ्टवेअर आहे! तुमच्या आवाजात चौदाशे वाक्यं आधी रेकॉर्ड करून ठेवायची. त्यावरून ते तुमचा आवाज शिकतं. नंतर तुम्ही टाईप केलंत की तुमच्याच आवाजात बोलणार!”

“म्हणजे मी नसताना मी ओरडणार?”

“असणार की तुम्ही. फक्त बोलणार ते.”

बाबांनी विचार केला. “पोट आत म्हणेल का?”

“म्हणेल.”

“मग लाव.”

पहिल्या दिवशी धाकट्याने माइक लावला, कान झाकणारे मोठे हेडफोन घातले आणि वायरी इकडून तिकडे करत बसला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाबा छाती काढून खुर्चीवर ताठ बसलेले. शेवटी त्यांनी माइकमध्ये विचारलं, “झालं का तुझं, माकडा?”

ते रेकॉर्ड झालं होतं. धाकट्याने त्या फाइलला ‘चाचणी’ असं नाव दिलं. चार वाजता ती माझ्याकडे आली. मी ती पोटात ठेवली. आवाज बसलेला होता तरी दणदणीत होता. मला आवडला.

मित्रांनो, आता नीट लक्ष द्या, कारण धाकट्याने दिलं नाही. त्या संध्याकाळी त्याला वाटलं, संगणक जरा मंद चालतोय. म्हणून त्याने आत एक नवी, वेगवान डिस्क बसवली, रेकॉर्डिंगचा फोल्डर उचलून तिच्यावर नेला आणि जुन्या जागी त्याचा शॉर्टकट ठेवला. शॉर्टकट म्हणजे दारावरची चिठ्ठी, ‘आम्ही पलीकडच्या खोलीत आहोत’. त्यावर दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडायचा, त्यामुळे धाकट्याच्या मते फोल्डर होता तिथेच होता. माझ्याकडे मात्र दुसऱ्या दिवशी चार वाजता जी प्रत आली, ती चिठ्ठीची आली.

मी चिठ्ठी ठेवून घेतली. पडद्यावर संदेश झळकला, ‘बॅकअप यशस्वी’. तो खोटा नव्हता. चिठ्ठी अगदी यशस्वीपणे आली होती.

पुढचे चौदा दिवस बाबांनी रोज शंभर वाक्यं वाचली. त्यात भाषेतले सगळे उच्चार यावे लागतात, म्हणून ती वाक्यं धाकट्याने स्वतः लिहिली होती.

“झेब्र्याने ठणठणीत घशाने घटस्फोट मागितला,” बाबांनी वाचलं आणि चष्मा काढला. “हे मी कधी बोलणार आहे?”

“झ, ठ आणि घ हवेत, बाबा.”

“उंटाच्या चुलत भावाला ढगात ठसका लागला. अरे, उंटाला चुलत भाऊ असतो का?”

“बाबा, वाचा ना.”

“तू शाळेत कुठल्या सरांकडे होतास?”

“तुमच्याकडेच.”

“तरीच.”

गाठ दुखायची. साठाव्या वाक्यानंतर ते घोट घोट पाणी प्यायचे, ऐंशीनंतर मान धरून बसायचे. पण शंभर म्हणजे शंभर. पोरांना मैदानाच्या फेऱ्या मोजून घालायला लावणाऱ्या माणसाला नव्व्याण्णववर थांबता येत नाही. तेरा हजार ढेकूण, छपरावरचे ऋषी, टाळ्या वाजवणारी ढालगज मांजर, सगळं त्यांनी दुखऱ्या घशाने वाचलं. ते सगळं पलीकडच्या खोलीत जमत गेलं. माझ्याकडे रोज चार वाजता चिठ्ठी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बाबांनी धाकट्याला बाहेर काढलं. “मला दहा मिनिटं एकट्याला बोलायचंय. तुम्हा दोघांसाठी. आत्ता ऐकायचं नाही. मी गप्प झालो की ऐका.” त्यांनी दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि त्यांनी दोघांनाही उगाच झापलं. त्या दिवशीही चार वाजता माझ्याकडे चिठ्ठी आली. बाबा काय बोलले हे मला माहीत नाही. एवढी एकच गोष्ट मला माहीत नाही.

त्या दुपारी मला वाचवणारं, म्हणजे बाबांना वाचवणारं, एकच माणूस घरात होतं. ताईने टेबलापाशी येऊन विचारलं, “एकदा उघडून बघितलंस का रे, त्या डबीत खरंच सगळं आहे ते?”

“ताई, दिवा हिरवा आहे.”

“लिफ्टचाही दिवा हिरवाच असतो. आम्ही तरी वजन टाकून बघतो.”

“ही लिफ्ट नाही, ताई.”

“नाही ना. लिफ्ट पडली तर निदान आवाज येतो.”

धाकटा हसला. ताईला हॉस्पिटलची पिशवी भरायची होती, ती गेली. मी जमेल तेवढी हिरवी राहिले.

ऑपरेशन उत्तम झालं. बाबांच्या गळ्याला भोक ठेवलं होतं आणि श्वास आता तिथूनच चालायचा. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली. तोंडात हवाच येत नव्हती. ताईने शिट्टी त्यांच्या हातातून काढून घेऊन पर्समध्ये टाकली. कोणीच काही बोललं नाही. एकाला तर शक्यच नव्हतं.

इकडे धाकट्याने ठरवलं, बाबा घरी यायच्या आत सगळं तयार पाहिजे. आवाजाच्या सॉफ्टवेअरला नवी सिस्टिम लागत होती. जुनी पुसून नवी टाकायची, तासाभराचं काम. काळजी कसली, बॅकअप होता. साधं पुसलं असतं तर काही परत मिळालं असतं, पण धाकटा अर्धवट काम करणारा नव्हता. आतल्या दोन्ही डिस्क त्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शून्यांनी भरून काढल्या. झेब्रा शून्य झाला, उंटाचा चुलत भाऊ शून्य झाला, दार लावून बोललेली दहा मिनिटं शून्य झाली. त्या वेळी तो शीळ घालत होता.

मग त्याने मला उघडलं.

फोल्डरच्या जागी चिठ्ठी होती. त्याने टिचकी मारली. ‘मूळ जागा सापडत नाही’. पुन्हा मारली. मग पुन्हा. माणसं लिफ्टचं बटण दाबतात तशी मारत राहिला. शेवटी त्याला माझ्या एका कोपऱ्यात ‘चाचणी’ सापडली. त्याने ती लावली.

“झालं का तुझं, माकडा?”

बाबा त्याच दिवशी घरी आले होते आणि शेजारच्या खोलीत पडले होते. स्वतःचा आवाज ऐकून ते लहान मुलासारखे टुणकन उठले. दारात आले, दोन्ही अंगठे वर केले, खुर्ची ओढून धाकट्याच्या शेजारी बसले आणि मान पुढे करून वाट पाहू लागले. पुढच्या वाक्याची.

बराच वेळ पाहिली त्यांनी वाट.

पुसलेलं परत मिळवून देणारा एक तज्ज्ञ होता. त्याने दोन्ही डिस्क तपासल्या आणि आदराने विचारलं, “हे तुम्ही घरी केलंत? इतकं स्वच्छ काम मी आजवर बघितलेलं नाही.” धाकट्याच्या फोनमध्ये बाबांचे तीन व्हिडिओ निघाले. तिन्हींत ते शिट्टी वाजवत होते. शेवटी सॉफ्टवेअरमधलाच एक तयार आवाज लावून पाहिला. तो रांगेतले नंबर पुकारणाऱ्या बाईसारखा होता. बाबांनी टाईप केलं, ‘शी’. ती बाई अत्यंत नम्रपणे म्हणाली, “शी.” त्यांनी तो बंद करायला लावला.

तेव्हापासून बाबांकडे एक पांढरा फळा आहे, त्यावर ते हवं-नको लिहितात. आणि एक लाल बटण आहे, त्यात माझ्याकडचं ते एकच वाक्य आहे. आवाज म्हणून एवढंच.

गंमत म्हणजे बहुतेकांना फरक कळत नाही. जुने विद्यार्थी भेटायला येतात, पोट सुटलेले, टक्कल पडलेले. बाबा बटण दाबतात. विद्यार्थी पोट आत घेतात आणि बाहेर पडताना ताईला सांगतात, “सर अजिबात बदलले नाहीत हो.” डॉक्टर गळा तपासून मान वर करतात, की बटण. शेजारचे काका वारले तेव्हा सगळे मान खाली घालून शांत उभे होते आणि बाबांच्या खिशात बटण दाबलं गेलं. “झालं का तुझं, माकडा?” काकूंना हसू आवरेना. नंतर रडू आवरेना. लोकांना वाटलं, सरांनाच दुःख आवरलं नाही; त्यांनी बाबांनाच पाणी दिलं.

आणि धाकटा? मित्रांनो, धाकटा सुधारला आहे. त्याने त्या एका वाक्याच्या प्रती करून घरात नऊ ठिकाणी ठेवल्या आहेत. दर रविवारी चहानंतर तो त्या एकेक उघडून तपासतो. टेबलावरून मी विचारते, झालं का तुझं, माकडा? मग फोन विचारतो. मग टीव्ही, मग दारावरची घंटा, मग न्हाणीघरातला दिवा. सगळं घर त्याला नऊ वेळा विचारतं आणि तो कागदावर नऊ खुणा करतो. ताई तेवढा वेळ पेपर वाचते. पान उलटत नाही.

मग तो बाबांसमोर जाऊन बसतो आणि दर रविवारी तेच विचारतो, “बाबा, त्या दिवशी दार लावून काय बोललात? लिहून तरी द्या.”

बाबा मार्कर उचलतात. टोपण काढतात. फळ्याकडे बघतात. दहा मिनिटं बोलायला चाळीस वर्षांचा आवाज लागला होता, तो मार्करमध्ये नसतो. ते टोपण लावतात, धाकट्याकडे बघतात आणि बटण दाबतात.

“झालं का तुझं, माकडा?”

हे दहावं.

माझंही आता वय झालं. हमी केव्हाच संपली, पोटात कधी कधी टकटक होते. तरी काम चालू आहे. रोज चार वाजता मी जे मिळेल ते निमूटपणे ठेवून घेते. तुमच्या घरीही माझी एखादी बहीण टेबलावर बसलेली असेल, धूळ खात, विश्वासाची. तिची धूळ पुसा, पण तेवढ्यावर थांबू नका. आज घरी गेलात की तिला उघडा आणि तुमच्या माणसाचा आवाज येतो का ते स्वतःच्या कानांनी ऐका. माणूस शेजारच्या खोलीत असेपर्यंत ऐका.

दिव्याकडे बघू नका. तो फक्त वीज आहे एवढंच सांगतो.