चहाच्या रंगाचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. पडेगावात सूर्यभानच्या घरामागे, पत्र्याच्या पन्हाळीखाली माझं बस्तान आहे. माझा जन्म चितेगावच्या एका कारखान्यात झाला. साच्यातल्या गरम प्लास्टिकमध्ये फुग्यासारखी हवा भरली आणि मी टम्म फुगलो. नेमका माझा एक कान वाकडा निघाला, म्हणून मला विक्रीच्या गाडीत चढवेनात. तिथेच कामाला असलेल्या सूर्यभानने मला घरी आणलं. माझ्या भावंडांच्या पोटात पुढे कसली कसली रसायनं गेली, देव जाणे. माझ्या पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही, याचा मला जरा ताठा आहे.

आमच्याकडे नळाला पाणी येईल तेव्हा येतं. एरवी बोअरचं. ते इतकं जड की त्यात डाळ शिजता शिजत नाही आणि पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो.

घरात एका काचेच्या पेटीत सूर्यभानने डिस्कस माशांची जोडी पाळली आहे. ताटलीसारखे गोल, अंगावर निळ्या रेघा. आला-गेला पेटीपुढे उभा राहून वा वा करतो. पेटीत पाणी जातं ते माझ्या पोटातलं, पण ड्रमाचं कौतुक कोण करणार? असो.

मासे धडधाकट होते, पण मादीने तीनदा अंडी घातली आणि तिन्ही वेळा अंडी दोन दिवसांत पांढरी पडून वाया गेली. पाणी आंबट केलं की जमतं, असं कुणीतरी सांगितलं. सूर्यभानने लगेच माझ्यात लिंबं पिळली. त्याची आई बानाबाई दारातून बघत होती. ती म्हणाली, "मासे पाळायचेत का त्यांचं कालवण करायचंय?"

संध्याकाळी तपासायची पट्टी बुडवली तर पाणी आंबट निघालं. सकाळी पुन्हा जैसे थे. जड पाणी अशी चार लिंबं सहज जिरवून टाकतं.

शोभेचे मासे विकणारा फकिरा हा सूर्यभानचा जुना दोस्त. तो येऊन मला टिचकी मारत म्हणाला, "लिंबानं काय व्हतंय? पाणीच हलकं पायजे. पावसाचं धर. पण निव्वळ पावसाचं बी त्यांना सोसत नाय, चार बादल्यांमागं एक बोअरची घाल. अन् देशी बदामाची वाळली पानं टाकून मुरू दे."

"या खेपेला नाय जमलं, तर जोडी तुझ्या दुकानात आणून सोडतो," सूर्यभान म्हणाला. "तिथं तरी त्यांची लेकरं जगतील."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं.

मग मी कामाला लागलो. पावसाचं पाणी पोटात घेतलं, बोअरचं मापाने घेतलं, पानं मुरवली. पाण्याला काळ्या चहासारखा रंग आला. सूर्यभान रोज त्यातलं थोडंथोडं पेटीत घाली. आठवड्याभरात जोडी पेटीतला दगड तोंडाने घासूनपुसून स्वच्छ करू लागली. अंडी घालायचे दिवस जवळ आले होते.

आणि एके दुपारी बानाबाईने माझं झाकण उघडलं. तिचं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. जाईल तिथलं गढूळ पाणी भरायचं, तुरटी फिरवायची, निवळलं की प्यायचं, हा तिचा नेम. "अगं बया, पानी नासलं की," असं म्हणून तिने पानं काढून टाकली आणि मनगट दुखेपर्यंत तुरटी फिरवली. मी बोंबललो असतो, पण ड्रमाला तोंड असून उपयोग काय?

सूर्यभान कामावरून आला, तो लख्ख पाणी बघून चमकला.

"माय, इथलं लाल पाणी कुठंय?"

"तुरटी फिरवली लेकरा. बघ कसं काचंवानी झालंय."

तो माझ्यापाशी खाली बसला. रागावला नाही. हळूच म्हणाला, "माय, तुरटीनं माशांचे कल्ले पोळतात. अन् पावसाचं धरलं व्हतं ते त्यांची अंडी जड पाण्यात जगत नाहीत म्हणून. आपल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाय ना, तसं."

जड पाणी म्हणजे काय हे बानाबाईला वेगळं सांगायला नको होतं. तिने पावसाचं, पानांचं सगळं माप लेकाला विचारून घेतलं. मला पेरूच्या झाडाखाली रिकामं केलं. पुढचे सहा दिवस आभाळ कोरडं, आणि मी ठणठणीत.

सातव्या दिवशी सूर्यभान कामावर असताना ढग भरून आले. बानाबाईने शिडी लावून पत्रा झाडला. डोक्यावर घोंगडं घेतलं. धुळीचं पहिलं पाणी वाहून जाऊ दिलं, मग माझ्या तोंडाला स्वच्छ फडकं बांधून मला पन्हाळीखाली सरकवलं. पाऊस थांबेपर्यंत ती माझा वाकडा कान धरून तिथेच उभी होती. बोअरच्या बादल्या तिने बोटांवर मोजून घातल्या. पानं तर आदल्या दिवशीच गोळा करून धुऊन ठेवली होती. मित्रांनो, इतका आनंद मला साच्यातून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

पाणी पुन्हा मुरून पेटीत जाऊ लागलं आणि चौथ्या दिवशी मादीने अंडी घातली. दोन दिवस गेले, तीन गेले. बहुतेक अंडी पांढरी पडलीच नाहीत. त्यांना शेपट्या फुटल्या. आणखी तीन दिवसांनी घरातून बानाबाईची हाक आली.

"सूर्यभान, लवकर ये. कोकरं आचळाला लागल्यात."

डिस्कसची पिल्लं आईबापाच्या अंगावरचा चीक खाऊन वाढतात. डोळ्याला दिसतील न दिसतील अशी ती शे-दीडशे पोरं मादीच्या कुशीला चिकटली होती. मादी दमली की अंग झटकून त्यांना नराकडे धाडी. हे सगळं मी मागच्या खिडकीतून पाहिलं. सूर्यभान हसत होता आणि डोळेही पुसत होता. बानाबाई पेटीपुढे जेवणाचं ताट घेऊन बसली ती हात वाळेपर्यंत उठली नाही.

मित्रांनो, कुणाला जीव लावायचा असेल तर त्याला काय मानवतं ते आधी विचारा. आणि कुठे ड्रमात चहाच्या रंगाचं पाणी दिसलं, तर नाक मुरडू नका. झाकण हळूच परत ठेवा. कुणाच्या तरी लेकरांसाठी ते मुरत घातलेलं असेल.