फडक्याच्या पोटातली धग

मी एक जुनं फडकं आहे, मित्रांनो, पण मला चिंधी म्हणायचं काम नाही. चांगल्या सुती चादरीतून मला फाडलं आणि लाकडी सामानाच्या घरगुती कारखान्यात माझी नेमणूक झाली. तिथे उग्र वासाचं पॉलिश नव्हतं, जवसाचं तेल होतं. कुणाचे डोळे चुरचुरत नसत. मी तेल प्यायचो आणि लाकडाला पाजायचो. खुर्ची अशी उजळायची की मिस्त्री माझी तारीफ करायचे.

काम संपलं की मालकीणबाईंची सून आम्हा फडक्यांना अंगणात एकेक करून पसरायची. बाईंना तो पसारा खपत नसे. एके दुपारी मोठं गिऱ्हाईक यायचं होतं आणि सून बाहेर गेली होती. बाईंनी आम्हा दहा जणांना चुरगाळून खोक्यात कोंबलं आणि खोकं जिन्याखाली सरकवलं. शेजारीच त्यांची तीन वर्षांची नात झोपली होती.

हे तेल आपोआप तापतं, असं मिस्त्रींनी बजावलं.

"अहो, जवस आहे ते. खाल्लेलं कधी पेटतं का?"

"माझ्या पोटात रोज पेटतं, बाई," मिस्त्री पुटपुटले.

हे तेल हवेने वाळतं आणि वाळताना तापतं. पसरलेलं असलं की ऊब वाऱ्यावर जाते. खोक्यात ती जाणार कुठे? माझ्याच पोटात साठली. आधी कोमट, मग चटका. ठिणगी नाही, काडी नाही, तरी माझ्या कडा काळपट होऊ लागल्या. पोर कुशीवर वळली आणि तिचा हात खोक्याला टेकला. मित्रांनो, फडक्याला ओरडता येत नाही. मला फक्त वास सोडता येत होता. होता नव्हता तेवढा सोडला.

गिऱ्हाइकाशी बोलताना बाईंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं. त्या धावत आल्या, नातीला मिस्त्रींच्या हातात दिलं आणि धुमसतं खोकं उचलून पाण्याच्या पिंपात उलटं केलं. मी चर्रकन विझलो. बाईंचे तळहात भाजले.

सून आली तेव्हा बाई तिच्यावरच उखडल्या. "का पसरतेस ते मला सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं, आई. दोनदा."

बाईंनी भाजलेल्या हातांनीच मला पिंपातून काढून अंगणात पसरलं. जन्मात पहिल्यांदा.

मित्रांनो, तेलकट फडकी मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा. शेतातून आलंय म्हणून तेलाला गरीब समजू नका. माझ्या मनात कुणाचं वाईट नव्हतं, तरी मी पेटणार होतो. त्याचीच मला अजून भीती वाटते.