झिग्मासमामाच्या जागा

झिग्मासमामा फेब्रुवारीत गेला, आणि ऑगस्ट संपता संपता आईचा फोन आला. "यंदाही जंगलात जायचं. सगळ्यांनी. टोपल्या घेऊन या."

"आई, मामाशिवाय?"

"मामा नाही म्हणूनच," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

लिथुआनियातल्या आमच्या द्झुकियात सप्टेंबरचा रविवार म्हणजे अळंब्यांचा. शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, चर्चचे पाद्री, सगळेच उजाडायला टोपली आणि चाकू घेऊन पाइनच्या रानात शिरतात आणि दुपारी परतताना एकमेकांच्या टोपल्यांत तिरक्या नजरेने डोकावतात. मामा आलीतूसमध्ये दातांचा डॉक्टर होता. लग्न त्याने केलं नाही. बहिणींची आम्ही तीन मुलं हाच त्याचा संसार: मी दाइवा, माझा थोरला भाऊ आर्विदास आणि मावशीची युर्गिता. सप्टेंबरात तो दर रविवारी आपल्या पिवळ्या झिगुली गाडीतून आमच्यापैकी एकालाच रानात न्यायचा. तिघांना एकदम नेलं तर जंगल दाराला कडी लावून बसतं, असं त्याचं म्हणणं. मग सगळ्यात शेवटच्या रविवारी अख्खं घर निघायचं, आई आणि मावशी उकडलेली अंडी, काळा पाव आणि काकडीचं लोणचं घेऊन.

माझे वडील घर सोडून गेले त्या वर्षी मी तिसरीत होते. सप्टेंबरात माझा रविवार आला, तेव्हा मामा मला रेल्वेचे रूळ ओलांडून पार आत घेऊन गेला. पाइनच्या गर्दीत तिथे एकच ओक उभा होता. त्याच्या पायाशी शेवाळात बाराविकास उगवले होते. बाराविकास म्हणजे आमच्याकडचा अळंब्यांचा राजा, जाड देठाचा, भाजलेल्या पावासारख्या टोपीचा. मी गुडघ्यांवर बसले आणि एकेक काढत गेले. मामा मागे हात बांधून उभा होता.

"ही जागा तुझी," तो म्हणाला. "फक्त तुझी. आईलासुद्धा सांगायचं नाही."

त्या वर्षी घरात माझं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. खोलीसुद्धा भाड्याने दिली होती. मी ती जागा कुणाला सांगितली नाही. नवऱ्यालाही नाही.

तर यंदा आम्ही वारेना गावाच्या पुढे नेहमीच्या वळणावर गाड्या लावल्या. आईने चादर पसरली. मावशी आता फारशी हिंडत नाही, ती घरीच राहिली होती. थर्मासमधला चहा झाल्यावर आर्विदास उठला आणि आळस दिल्यासारखं करून म्हणाला, "मी जरा डावीकडे बघून येतो. तुम्ही बसा."

"बसा काय बसा," युर्गिता म्हणाली. "मला एक फोन करायचाय. इथे रेंज नाही. वर टेकाडावर जाते."

"टोपली घेऊन फोन करतेस?" आर्विदासने विचारलं.

"आणि तू चाकू घेऊन नुसतं बघतोस?"

मीही काहीतरी पुटपुटत निघाले. मला तेव्हा काहीच विचित्र वाटलं नाही, कारण मी माझ्याच चोरीत गुंतले होते. रूळ ओलांडले, जुन्या सीमेच्या दगडापाशी वळले. ओक दिसला. मामाशिवाय मी तिथे पहिल्यांदाच आले होते. अलीकडे त्याला चालवत नसे, तेव्हापासून आम्ही गाडीजवळच फिरायचो. मी वाकून शेवाळ चाचपलं. काही नव्हतं. कापलेला देठ नाही, किडलेली कोवळी अळंबी नाही, उगवून गेल्याची काही खूणही नाही. आता मला अळंब्यांतलं कळतं. कौनासला मी दर शरदात लोकांना रान दाखवायला नेते, हौस म्हणून. जमीन हातात घेतली की मला अंदाज येतो. ही जमीन पाणथळ होती, आंबूस. इथे बाराविकास येईल असं मी कुणालाही म्हटलं नसतं.

परत आले तर दोघं आधीच चादरीवर बसलेले, टोपल्या रिकाम्या, तोंडं फुगलेली.

"कुणीतरी साफ करून गेलंय," युर्गिता म्हणाली. "नेहमी तिथे..."

"कुठे तिथे?" आर्विदासने विचारलं.

"कुठे नाही."

"माझ्याही जागेवर काही नाही," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं.

मग निघालंच सगळं. आर्विदासची जागा तळ्याकाठी होती, पडलेल्या बर्चच्या मागे. युर्गिताची टेकाडावर, वारुळाशेजारी. दोघांनाही मामाने सांगितलं होतं, फक्त तुझी, आईलासुद्धा सांगू नकोस. आर्विदास पन्नाशीला आलाय, त्याच्या हाताखाली कारखान्यात माणसं आहेत, आणि तो ताटली ओढून घेतलेल्या पोरासारखा बसला होता.

"खरी जागा माझीच असणार," तो म्हणाला. "मी थोरला. मला आधी दाखवली."

"तुझ्या तळ्याकाठी बेडूक उगवतात," युर्गिता म्हणाली. "मामा मला म्हणायचा, तुझी नजर ससाण्याची आहे."

"मलाही तेच म्हणायचा."

मी चहाचे पेले गोळा करायला लागले. मलाही म्हणायचा.

आई अंडं सोलत होती. ती हसेल असं मला वाटलं, पण ती नुसतीच टरफलं एका कागदात गोळा करत राहिली. मग म्हणाली, "त्याला अळंबी ओळखता येत नव्हती."

"कुणाला?"

"झिग्मासला. एकही ओळखता येत नव्हती. तो पहाटे येऊन त्या लावून जायचा."

आई सांगत गेली, फार हळू नाही, फार थांबून नाही. कित्येक वर्षं तोंडात धरलेलं टाकून द्यावं तसं. वारेनाच्या रस्त्यावर ब्रोने नावाची बाई बसायची, अळंब्यांच्या बादल्या मांडून. तिला त्याने सांगून ठेवलं होतं की माझ्यासाठी कापायच्या नाहीत, मुळासकट उपटायच्या, माती तशीच ठेवायची. रविवारी उजाडायच्या आत तो त्या घ्यायचा, रानात जाऊन लावायचा, आणि घरी येऊन आम्हाला उठवायचा.

"लावायचा म्हणजे?" आर्विदासचा आवाज चढला. "मी स्वतः कापल्यात, आई. घट्ट होत्या जमिनीत."

"असतीलच घट्ट. दात बसवणारे हात त्याचे."

युर्गिताला हसू फुटलं आणि लगेच डोळे भरले. मला काहीच होईना. मी आईला विचारलं, "पण का? इथे पोरंसोरं ओळखतात."

"आपण ओळखतो असं त्यालाही वाटायचं. बारातेरा वर्षांचा असताना टोपली भरून घेऊन आला होता. आईने शिजवली. बाबा शेतावरून भुकेले आले आणि सगळ्यांच्या आधी जेवले." तिने अंडं मिठात बुडवलं, पण खाल्लं नाही. "वाचले. पण पुढे कधी धड झाले नाहीत. तुम्ही त्यांना खुर्चीतच बघितलंय. झिग्मासला घरात कुणी एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं."

खुर्चीतले आजोबा मला आठवतात. गुडघ्यांवर घोंगडी, पिवळट डोळे. ते कशाने तसे झाले हे विचारायचं असतं असं आम्हाला वाटलंच नव्हतं. आजोबा असेच असतात असं वाटायचं.

"मग रानात न्यायचंच कशाला?" आर्विदास म्हणाला. "मासे धरायला न्यायचं. नावेतून न्यायचं."

"तूच रडायचास. वर्गातली सगळी जातात, मीच नाही."

आर्विदास उठून गाडीपर्यंत गेला, गाडीचं दार उघडलं, पुन्हा लावलं आणि परत आला. मी आपली मागचं एकेक काढून तपासत होते. टोपली मामा स्वतः कधी धरायचा नाही. मी भलतीकडून काही शोधून आणलं की तो ते हातात घेऊन उलटसुलट करायचा, 'किडलंय' म्हणायचा आणि लांब झुडपात भिरकावायचा. किती चांगल्या खारुट्या, त्या नरसाळ्यासारख्या पिवळ्या अळंब्या, त्याने भिरकावल्या असतील. आणि मला वाटायचं, मामाची पारख किती कडक. त्याच्यासारखी पारख यावी म्हणून मी पुढे पुस्तकं वाचली, म्हाताऱ्या बायकांच्या मागे फिरले. म्हणजे मी नेमकी कुणासारखी झाले?

आणि मग गेल्या शरदातली गोष्ट आठवली.

"आई, गेल्या वर्षी मी त्याला अळंब्या करून वाढल्या होत्या. त्याच्याच स्वयंपाकघरात. मी इथूनच नेलेल्या. दोनदा मागून घेतल्या त्याने."

"ठाऊक आहे."

"तो खात नसे?"

"कधीच नाही. विकतच्यासुद्धा नाही. तुम्ही टोपल्या घेऊन घरी पळायचात आणि तो दवाखान्यात काम आहे सांगून निघून जायचा. त्या दिवशी संध्याकाळी त्याचा मला फोन आला. म्हणाला, गेने, मी खाल्लंय. सकाळी फोन उचलला नाही तर दाइवाला सांगू नकोस कशाने ते. दुसरं काहीतरी सांग."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चव कशी होती? म्हणाला, कळलीच नाही, घाबरलो होतो."

आम्ही तिघंही हसलो, आईसुद्धा. सगळ्यांत आधी मी थांबले. त्याचा माझ्यावर विश्वास होता म्हणून त्याने खाल्लं, की विश्वास नसूनही, मला वाईट वाटू नये म्हणून? दोनदा मागून घेणाऱ्या माणसाला काय वाटत होतं? मी समोरच बसले होते आणि माझ्या नोकरीबद्दल बोलत होते. त्याच्या तोंडाकडे मी बघितलंच नव्हतं.

आर्विदास म्हणाला, "चला, घरी जाऊ."

"रिकाम्या टोपल्या घेऊन मी जाणार नाही," आई म्हणाली. "दाइवाला येतंय ना ओळखता? दाखव."

मग आम्ही उजवीकडे निघालो, तिथे कुणाचीच जागा नव्हती. चौघं एका ओळीत, आई मध्ये, काठीने नेचे बाजूला सारत. उताराला जमीन कोरडी झाली, पांढरं दगडफूल पायाखाली कुरकुरायला लागलं, आणि मला वाटलं इथे असणार. होत्याच. आधी खारुट्या, झेंडूच्या पाकळ्या सांडल्यासारख्या, मग थोडे बाराविकास, मातीतून नुकते डोकं काढलेले. युर्गिता प्रत्येक देठ हलवून बघत होती.

"काय बघतेस?"

"कुणी लावलाय का."

आर्विदास तर प्रत्येक अळंबी माझ्या नाकाशी आणायचा. "ही नक्की?" "हो." "आणि ही?" "ती त्याच्याच शेजारी होती ना, आर्विदास." "तरी बघ की." शेवटी मी त्याच्या हातातली एक घेऊन झुडपात फेकली. खरं तर ती चांगली होती. का फेकली मला माहीत नाही. तो मात्र खूश झाला. आता त्याला उरलेल्यांची खात्री पटली.

संध्याकाळी आलीतूसला आईकडे आलो. मी कांदा लोण्यात परतला, अळंब्या टाकल्या, वरून घट्ट साय घातली. बटाटे झाले. वाढलं आणि चौघं बसलो, आणि कुणी काटा उचलेना. इतकी वर्षं याच टेबलावर आम्ही हेच खाल्लं, एकमेकांच्या पुढ्यातलं पळवून खाल्लं. आता आर्विदास बटाटा कुस्करत होता. मी पहिला घास घेतला, दुसराही. मग युर्गिताने घेतला. आईची ताटली बघितली तर तिच्यात फक्त बटाटे आणि काकडी. आणि मला कळलं की ते नेहमी तसंच असायचं. आई वाढते म्हणून ती मागाहून खाते, असं आम्ही धरून चाललो होतो.

"वाढू?" मी विचारलं.

तिने बराच वेळ भांड्याकडे बघितलं. "नको," ती म्हणाली. "मी त्याच्यासारखी शूर नाही." आणि आर्विदासला पाव दिला.

मी आणि युर्गिता दोघी कौनासला राहतो, एकाच गाडीतून परत निघालो. ती चालवत होती. आलीतूस मागे पडलं. मग म्हणाली, "मी गेल्या वर्षी माझ्या मुलीला ती जागा दाखवली. वारुळाजवळची."

"मग?"

"तिला मिळाले तिथे. दोन बाराविकास."

मी तिच्याकडे बघितलं. "मामा होता बरोबर?"

"होता. म्हणजे गाडीत होता. काठी घेऊन टेकाड चढणं त्याला कसं जमणार?" तिने गाडीचा वेग कमी केला. "तो गाडीतच होता ना, दाइवा? आपण अंडी खात होतो तेव्हा?"

मला आठवेना. मला त्याची टोपी आठवत होती, चादरीवर ठेवलेली. पण टोपीखाली तो होता की नव्हता, काही केल्या आठवेना.

"लावलेल्या अळंबीतून पुढच्या वर्षी उगवते का?" तिने विचारलं. "तुला कळतं त्यातलं."

"अशी नाही उगवत. बहुतेक नाही."

"म्हणजे एक तर त्या आपोआप आल्या, नाही तर मामाने..."

"हो."

"मग मुलीला काय सांगू? पुढच्या रविवारी परत जायचं म्हणतेय."

मला रडू येत होतं की राग येत होता, हेही मला धड सांगता आलं नसतं. पुलावर गर्दी होती, पुढच्या गाडीच्या मागच्या काचेत टोपल्या दिसत होत्या, वर ओलं फडकं टाकलेल्या.

"घेऊन जा तिला," मी शेवटी म्हटलं. "पण टोपली घरी नेण्याआधी मला दाखव."