चाळीस व्होल्टचं पाप

सायखेड्याला गोदेच्या काठावर तेजोबाबाचा मंडप पडला आणि पंधरवड्यात पंचक्रोशी वेडी झाली. सोमवारी तर पाय ठेवायला जागा नव्हती. हिंदू आले, मुसलमान आले, अंगठेबहाद्दर आले तसे बीएड झालेलेही आले. मूर्ख बनायला कुठला दाखला लागतो? बाबाच्या पुढ्यात तांब्याचा पत्रा होता. पुण्यवानानं हात ठेवला तर थंडगार, पाप्यानं ठेवला की सणसणीत झटका. "ब्रह्मांडाची क्वांटम ऊर्जा आहे बाळांनो," बाबा डोळे मिटून सांगायचा, "शास्त्रज्ञ कान धरून गेले इथून."

कुसाबाईचा हात मागच्या सोमवारी थंडच राहिला होता. तेव्हापासून तिची मान ताठ झाली होती. आज तिनं सुनेला, योगिनीला, परीक्षेला आणलं होतं. थोरला मुलगा, म्हणजे योगिनीचा नवरा, चार महिन्यांमागं काविळीनं गेला, आणि सुनेनंच करणी करून त्याला खाल्लं हे म्हातारीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. झटका बसला तर योगिनीनं एकटीनं विंचूरला माहेरी जायचं, चार वर्षांची आरोही सासरी राहणार, असं घरात ठरलं होतं.

बाबाचे नियम कडक. ज्याच्यावर संशय, त्यानं नदीत बुडी मारून ओलेत्यानं यायचं आणि अनवाणी मातीवर उभं राहायचं. साक्षीदारानं कोरड्या लाकडी पाटावर, बाकी भक्तांनी चटईवर. असं का, हे एकानंही विचारलं नाही. देवापुढं ओलेत्यानं उभं राहायची रीत आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांची, तिच्यात शंका कसली काढायची!

योगिनी कुडकुडत उभी राहिली. हात पुढं करायला ती बिचकली, तशी पाटावरच्या कुसाबाईनं तिचं मनगट धरलं आणि पंजा पत्र्यावर दाबला. योगिनी किंचाळून गुडघ्यावर आली. कुसाबाईला काहीच लागलं नाही, आणि ते तिनं आपल्या पुण्याईच्या खात्यात टाकलं. "बघा, हिनंच माझ्या पोराला खाल्लं हाय," ती गर्दीला म्हणाली. कुणीतरी योगिनीच्या अंगावर थुंकलं. रडणाऱ्या आरोहीला दोन बायांनी मागं ओढलं.

इसाक मिस्त्रीची मुलगी ताहेरा तेव्हा तिथंच शिडीवर होती. बापलेक गावातल्या जळालेल्या पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग भरून देत. मंडपाचा पंखा बंद पडला म्हणून तिला बोलावलं होतं. पंख्याची वायर शोधताना तिला दुसरीच एक वायर सापडली होती, जी सतरंजीखालून पत्र्याकडं गेली होती. ती खाली उतरली, आधी पत्र्याचे व्होल्ट मोजले, मग त्या वायरीत मीटर जोडलं, स्वतःचे हातपाय ओले केले आणि मातीवर उभी राहून पत्र्याला हात लावला. झटका बसला. दात आवळून तिनं मीटरवरचा आकडा वाचून घेतला.

मी काय पाप केलं, असं तिनं बाबाला विचारलं. सगळ्यांसमोर सांगू का, म्हणून बाबा हसला, आणि त्याच्यामागं अख्खा मंडप हसला. सगळ्यात मोठ्यानं कुसाबाई.

"मावशी, तुम्ही तर पुण्यवान," ताहेरा म्हणाली. "मग पाटावरून उतरा, ओल्या व्हा आणि लावा हात."

कुसाबाई तोऱ्यात उतरली. अर्धी कळशी अंगावर ओतून घेतली, हात ठेवला, आणि बोंब मारून चिखलात बसली. शेजारची बाई पदर आवरून दूर सरकली. "म्हंजे पोराला हिनंच खाल्लं वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. कुसाबाईनं ते ऐकलं.

"हिनंही नाही आणि योगिनीनंही नाही," ताहेरानं आवाज चढवला. "पत्र्यात कायम चाळीस व्होल्ट आहेत. ओल्या माणसातून आठ मिलिअँपिअर करंट जातो, मी मीटरवर वाचलाय. व्होल्टला करंटनं भागा, रोध निघतो पाच हजार ओहम. कोरडा माणूस चटईवर उभा करा, रोध जातो लाखांत, करंट एवढासा की त्याला पत्ताच लागत नाही. आणि बाबाची शक्ती काढायची तर व्होल्ट गुणिले करंट. एका वॅटचा तिसरा हिस्सासुद्धा भरत नाही."

आकडे ऐकून माणसं एकमेकांकडं बघत राहिली. कुसाबाईचा धाकटा मुलगा महेश मात्र उठला. उरलेली कळशी त्यानं बाबाच्या डोक्यावर रिकामी केली, त्याला गादीवरून चिखलात ओढलं आणि त्याचा पंजा पत्र्याकडं नेला. पत्रा अजून वीतभर लांब होता.

"वायर काढा! अरे, आधी वायर काढा!" बाबा ओरडला.

झालं, क्वांटम ऊर्जा आटोपली. गादीखाली ट्रान्सफॉर्मर निघाला. त्याची एक वायर पत्र्याला होती, दुसरी मातीत ठोकलेल्या सळईला. पुण्य असो की पाप, सगळं पाण्यावर ठरत होतं.

कुसाबाई चिखलातून उठून सुनेकडं गेली. घरी चल, माझं चुकलं, म्हणाली. योगिनीनं आरोहीला कडेवर घेतलं होतं.

"आत्याबाई, आज पंखा बंद पडला नसता तर?"

योगिनी लेकीला घेऊन तशीच ओलेती विंचूरच्या रस्त्याला लागली. तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही.

बाबाला पोलीस घेऊन गेले. कायदा आहे, त्याचं काय व्हायचं ते होईल. पण ट्रान्सफॉर्मर एकट्यानं कुणाचं घर मोडत नाही, त्याला आपल्यासारखी माणसं लागतात. म्हणून चमत्कार दिसला की विचारा, हे कुठून जोडलंय आणि किती आहे. मोजता येत नसेल तर मोजणाऱ्याला बोलवा. आणि तेवढाही धीर नसेल, तर दुसऱ्याला परीक्षेला उभं करण्याआधी त्याच्या जागी आपण उभे राहा, त्याच ओल्या मातीत.