दुपारचा माल

वेदना माणसाला अंतर्मुख करते, सोशिक करते आणि अखेर मोठं करते. काकांच्या बाबतीत तिने एवढंच केलं, की ते स्वतःच्याच घरातल्या फ्रीजमधला बर्फ चोरून खाऊ लागले.

काका चहाच्या कंपनीत चव घेणारे होते. बागांमधून नमुने यायचे, पांढऱ्या कपांत ओळीने चहा ओतला जायचा आणि काका चमचाभर घोट सुर्रकन आत ओढून, तोंडभर फिरवून शेजारच्या पिंपात अचूक थुंकायचे. मग म्हणायचे, "चालेल" किंवा "परत". त्या एका शब्दावर अख्खा माल राहायचा किंवा जायचा, आणि काकांच्या आधी कपाला तोंड लावायची खुद्द मालकांचीही प्राज्ञा नव्हती. काकांची सगळी इज्जत जिभेवर होती आणि तिचीच आग होत होती.

सकाळी ती शहाण्यासारखी वागायची. दुपारनंतर शेंड्यापासून भाजायला लागायची, मग ओठ, मग टाळू. कढत दूध घाईने प्यावं तसं, फक्त दूध प्यालेलं नसायचं. वर तोंडात लोखंडाची चव. काकांनी आरशात जीभ काढकाढून पाहिली. गुलाबी, ओली, टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभावी अशी.

"एखादा फोड तरी दाखवा," बायको म्हणाली. "आणि जेवताना बरी थांबते हो तुमची आग?"

"थांबते, त्याला मी काय करू?"

"माझ्या हाताचा गुण म्हणायचा."

"अळणी असतं ना."

त्यानंतर बराच वेळ ओट्यावर भांडी आपटत राहिली.

खाताना थांबणारं दुखणं चारचौघांत सांगायचं कसं? काकांनी सांगितलंच नाही. जीभ बिघडल्याचं कळलं तर खुर्ची गेलीच. चूळ भरायचं झणझणीत औषध आणलं, वर पेपरमिंटच्या गोळ्या चघळल्या. आग आणखी भडकली आणि दुपारच्या नमुन्यांत लोखंड लागू लागलं. जीभ चुकू शकते ही शंका या धंद्यात कोणी घेत नाही. तेव्हा काकांनी आधी किटली बदलायला लावली, मग पाण्याची टाकी घासून घेतली, मग पाइप. तरी लोखंड हटेना म्हटल्यावर दोष बागांचा ठरला. दुपारचा माल धडाधड "परत" होऊ लागला.

एके दुपारी काकांनी घोट फिरवला, थुंकला आणि म्हणाले, "परत."

मदतनीस बाई चाचरत म्हणाल्या, "काका, यात अजून पत्ती टाकायची आहे. नुसतं पाणी आहे."

दुसऱ्या दिवशी काका डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तोंड पाहिलं, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. काकांचा चेहरा पडला.

"म्हणजे मनाचे खेळ?"

"नाही, आग खरी आहे. नसा उगाचच चटका बसल्याची खबर मेंदूला देत बसल्यात. हा कॅन्सर नव्हे, घाबरू नका."

"जाईल कधी?"

"काहींची आपोआप कमी होते. काहींना सांभाळून राहावं लागतं. ते झणझणीत औषध आणि पेपरमिंट आजपासून बंद. पेस्ट सौम्य वापरा. गार पाणी घोटघोट प्या, बर्फ चघळा. आणि ही गोळी जिभेवर धरायची, मग न गिळता थुंकायची. जमेल ना थुंकायला?"

काका दुखावले. "त्याचाच पगार घेतो मी."

हळूहळू आग निम्म्यावर आली. बर्फ उजळ माथ्याने खाता येऊ लागला. लोखंड मात्र मुक्कामाला राहिलं, आणि परत गेलेल्या पेटाऱ्यांची रांग डोळ्यांसमोरून हटेना. चांगला माल, आपल्या एका शब्दाने बदनाम झालेला. अखेर काका मनाचा हिय्या करून मालकांसमोर उभे राहिले.

"दुपारचा माल मी उगाच नाकारला. दोष माझ्या जिभेत आहे. खुर्ची दुसऱ्याला द्या."

मालकांनी पेनाचं टोपण लावलं. "बसा काका. खुर्ची कशाला सोडता? तो माल परत गेलाच नाही."

"मग?"

"सकाळच्यात मिसळला. आलेला माल उलट पाठवणं परवडतं का? तुम्हाला लागेल म्हणून बोललो नाही."

"आणि त्याआधी, जीभ ठीक असताना परत केलेला?"

"तोही."

काकांनी खुर्चीचा हात धरला. "गिऱ्हाइकांची तक्रार?"

"आली होती एक," मालक म्हणाले. "पाकीट नीट फाटत नाही म्हणून."